विंडोज, मॅक, लिनक्स आणि एकच प्रिंटर: दुकान-घराचं नेटवर्क नीट कसं जोडायचं?



मागच्या बॅचला एका झेरॉक्सवाल्या दादांनी विचारलं, "ताई, खाली दुकानात विंडोज आहे, वर घरी पोराचं मॅकबुक आहे, जुन्या पीसीवर कुणीतरी लिनक्स टाकून दिलंय. तिघं एकमेकांना ओळखतच नाहीत. एका पीडीएफसाठी पेनड्राइव्ह घेऊन किती वेळा जिना चढू?"

वर्गातले सगळे हसले, कारण सगळ्यांची तीच गत आहे. घणसोली गावात बऱ्याच जणांचं असंच असतं: खाली गाळा, वर घर, आणि दोन्हीकडे मिळून एकच इंटरनेटचं कनेक्शन. म्हणजे आपलं घरचं नेटवर्क तेच दुकानाचं नेटवर्क. व्हिडिओत मी फक्त क्लिक कुठे करायचं ते दाखवलं. ते तसं का करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते

दुकान सुरू केलं तेव्हा मीही शॉर्टकट मारला होता. फोल्डर शेअर होत नव्हता, मग कुठल्यातरी व्हिडिओत बघून 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' बंद केलं, फोल्डरला 'एव्हरीवन' आणि 'फुल कंट्रोल' दिलं. दोन मिनिटांत सगळं चालू! नणंदेच्या मॅकवर दिसायला लागलं, मोबाइलवर दिसायला लागलं. मी खूश.

सहा-सात महिन्यांनी एक मुलगा प्रिंट काढायला आला. मोबाइलचं नेट चालत नव्हतं म्हणून मी त्याला दुकानाच्या वाय-फायचा पासवर्ड दिला, जसा सगळ्यांनाच देत होते. तो थांबल्या थांबल्या मोबाइलवर काहीतरी बघत होता. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या फोल्डरमध्ये माझ्या मावशीचं रेशनकार्ड दिसतंय. बँकेचं पासबुक पण आहे."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याने काही केलं नाही, उलट सांगितलं, हे नशीब. पण तोपर्यंत किती जणांना तो पासवर्ड दिला होता, याचा हिशोब माझ्याकडे नव्हता. गावात आपण एकमेकांना नावाने ओळखतो. लोक आधार, पॅन, सातबारा, घटस्फोटाचे कागदसुद्धा आपल्याकडे विश्वासाने देतात. ते कागद 'एव्हरीवन'ला दिसणार असतील, तर आपलं दुकान कशावर उभं आहे?

तेव्हापासून मी एकच गोष्ट शिकवते: वेगवेगळ्या सिस्टीम जोडायला सुरक्षा काढून टाकावी लागत नाही. बहुतेक वेळा अडचण विंडोज-मॅकच्या भांडणाची नसतेच. ती तीनपैकी एका साध्या प्रश्नाची असते: दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का? पत्ता बरोबर आहे का? आणि आत येणाऱ्याची ओळख पटतेय का?

तिघांची भाषा एकच आहे

आधी एक गैरसमज काढून टाकू. विंडोज, मॅक आणि लिनक्स फाइल शेअर करताना एकच भाषा बोलतात. तिचं नाव एसएमबी. ही भाषा १९८३ मध्ये आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास तीच भाषा बोलणारा मोफत प्रोग्राम लिहिला. त्याला नाव हवं होतं, म्हणून त्याने शब्दांच्या यादीत 'एस', 'एम', 'बी' ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले आणि 'सांबा' निवडलं. आपल्याला सांब सदाशिव आठवतो, पण त्याचा इथे संबंध नाही! लिनक्सवर आजही हेच सांबा चालतं. अ‍ॅपलनेही २०१३ पासून मॅकमध्ये एसएमबीलाच पहिला मान दिला.

तेव्हा 'मॅकला विंडोज चालत नाही' हे डोक्यातून काढा. आता आपले तीन प्रश्न एकेक करून घेऊ.

प्रश्न पहिला: एकाच नेटवर्कवर आहात का?

तुम्ही म्हणाल, वाय-फाय तर एकच आहे. थांबा, तपासून बघा. प्रत्येक मशीनचा आयपी पत्ता काढा.

- विंडोज ११: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज. तिथे 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' दिसेल.
- मॅक: सिस्टीम सेटिंग्ज, वाय-फाय, डिटेल्स, टीसीपी/आयपी.
- लिनक्स मिंट: खाली कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावरून नेटवर्क सेटिंग्ज.

समजा दुकानाचा पीसी १९२.१६८.१.१० आहे आणि मॅक १९२.१६८.१.२३ आहे. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे घरच्या नेटवर्कपुरतं दोघं एकाच गल्लीत राहतात. पण मॅक १९२.१६८.०.२३ दाखवत असेल तर गल्ली वेगळी झाली.

आपल्याकडे हे फार वेळा होतं. कारण असं: नेटवाला त्याचा डबा खाली दुकानात बसवून जातो. वर रेंज येत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राउटर आणतो आणि वायर जोडतो. तो दुसरा राउटर स्वतःची वेगळी गल्ली बनवतो. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे शंका येत नाही, पण खालचा पीसी वरच्यांना शोधू शकत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका. मग तो फक्त रेंज वाढवतो, गल्ली बदलत नाही.

आणखी दोन गोष्टी बघा. एखादं मशीन 'गेस्ट' वाय-फायला जोडलेलं असेल तर ते बाकीच्यांना दिसणार नाही. गेस्ट नेटवर्क असतंच त्यासाठी. आणि विंडोजमध्ये त्या नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' असेल तर विंडोज स्वतःहून दार बंद ठेवतं. घर-दुकानाच्या नेटवर्कसाठी तो 'प्रायव्हेट' करा. पण हे फक्त आपल्या नेटवर्कवर. स्टेशनवर किंवा हॉटेलात 'पब्लिक'च राहू द्या.

प्रश्न दुसरा: पत्ता पक्का आहे का?

'काल चालत होतं, आज चालत नाही' हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. बहुतेकदा झालेलं असं असतं की रात्री लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला आणि त्याने सगळ्यांना नवे पत्ते वाटले. काल दुकानाचा पीसी १० नंबरवर होता, आज १४ वर आहे. मॅक बिचारा जुन्याच दारावर टकटक करतोय.

यासाठी राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय असते. दुकानाचा पीसी आणि प्रिंटर, या दोघांचे पत्ते तिथे कायमचे राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, वर्षभराची कटकट जाते.

दुसरं म्हणजे 'नेटवर्क' फोल्डरमध्ये मशीनचं नाव आपोआप दिसेल याची वाट बघत बसू नका. तिथे कधी दिसतं, कधी नाही. सरळ पत्ता टाकून जा. कसं ते पुढे सांगते. आणि दुकानाचा पीसी 'स्लीप'मध्ये जात असेल तर तोही गायब होतो. पॉवर सेटिंगमध्ये दुकानाच्या वेळेपुरतं स्लीप बंद ठेवा.

प्रश्न तिसरा: ओळख पटतेय का?

इथेच सगळे अडकतात, आणि इथेच वैतागून 'एव्हरीवन' करतात. म्हणून हे नीट वाचा.

विंडोज चालू करताना तुम्ही चार आकडी पिन टाकता ना? तो पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला तो चालत नाही. मॅकवरून पासवर्ड विचारला की लोक पिन टाकतात, तो नाकारला जातो, पुन्हा टाकतात, पुन्हा नाकारला जातो. मग म्हणतात, मॅकला विंडोज चालत नाही! मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर तिथे त्या अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो चार वर्षांपूर्वी टाकलेला, कुणाला आठवतोय?

माझा उपाय असा. शेअरिंगसाठी दुकानाच्या पीसीवर एक वेगळा साधा युजर बनवा.

१. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, 'अ‍ॅड अकाउंट'.
२. ईमेल विचारेल तिथे 'माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही' या अर्थाचा पर्याय निवडा, मग 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा'.
३. नाव इंग्रजीत, छोटं आणि जागा न सोडता द्या, उदाहरणार्थ 'दुकान'चं इंग्रजी स्पेलिंग. पासवर्ड चांगला लांब द्या.
४. हा युजर 'स्टँडर्ड'च ठेवा, 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करू नका.

आता घरातल्या कुणालाही तुमचा मुख्य पासवर्ड द्यायची गरज नाही. काम सोडून गेलेल्या मुलाला हा पासवर्ड माहीत असेल तर फक्त हा एक बदलायचा. दुकानाच्या गल्ल्याची किल्ली आणि घराची किल्ली आपण वेगळी ठेवतो, तसंच.

आता फोल्डर शेअर करू

अख्खा डी ड्राइव्ह शेअर करायचा नाही. डेस्कटॉपही नाही. एक नवा फोल्डर करा, त्यात जे वर-खाली न्यायचं तेवढंच ठेवा.

१. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'शेअरिंग' टॅब, 'शेअर' बटण.
२. यादीतून 'एव्हरीवन' निवडू नका. आपण बनवलेला युजर निवडा.
३. त्याने फक्त बघायचं असेल तर 'रीड', बदलही करायचे असतील तर 'रीड/राइट'.
४. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. इथे प्रायव्हेट नेटवर्कसाठी 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.
५. त्याच पानावर खाली 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' असतं. ते चालूच राहू द्या. ज्या व्हिडिओत ते बंद करायला सांगतात, तो व्हिडिओ बंद करा.

आता दुसऱ्या मशीनवरून आत जाऊ. आकडे टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे.

मॅकवरून: फाइंडर उघडा, वरच्या 'गो' मेनूत 'कनेक्ट टू सर्व्हर'. तिथे इंग्रजीत एसएमबी, मग कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पीसीचा पत्ता टाका. 'गेस्ट' नाही, 'रजिस्टर्ड युजर' निवडा, नाव-पासवर्ड द्या.

लिनक्स मिंटवरून: फाइल मॅनेजरच्या 'फाइल' मेनूत 'कनेक्ट टू सर्व्हर'. तिथे पीसीचा पत्ता टाका.

दुसऱ्या विंडोजवरून: फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पत्ता. एकदा चुकीचा पासवर्ड लक्षात ठेवायला सांगितला असेल तर विंडोज तोच पुढे करत राहतं. 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन जुनी नोंद पुसा.

आयफोनवरून: 'फाइल्स' अ‍ॅपमध्ये वरच्या तीन ठिपक्यांत 'कनेक्ट टू सर्व्हर'. हे २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे, वेगळं अ‍ॅप लागत नाही.

अँड्रॉइडवरून: काही फोनच्या फाइल मॅनेजरमध्येच 'नेटवर्क स्टोरेज' असतं. नसेल तर एसएमबी चालणारं चांगलं फाइल मॅनेजर अ‍ॅप घ्या.

उलट दिशेने, म्हणजे मॅकवरचा फोल्डर खाली दुकानात हवा असेल, तर सिस्टीम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, फाइल शेअरिंग. पण फक्त ते चालू करून भागत नाही. बाजूच्या माहितीच्या चिन्हावर क्लिक करून 'ऑप्शन्स'मध्ये जा आणि विंडोजसाठीच्या यादीत आपल्या युजरसमोर टिक करा. ती टिक राहिली की विंडोजला पासवर्ड कधीच बरोबर लागत नाही. लिनक्सचंही असंच एक गुपित आहे: सांबाचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवलेला असतो आणि तो एकदा वेगळा सेट करावा लागतो. युजर आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही, तर हेच कारण.

अडलं तर कुठे बघायचं?

- मशीन सापडतच नाही, किंवा बराच वेळ नुसतं फिरत राहतं: पहिला किंवा दुसरा प्रश्न. नेटवर्क आणि पत्ता तपासा. पीसीवर वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याचा फायरवॉलही बघा.
- पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो: तिसरा प्रश्न. पिन टाकताय का? युजरचं नाव बरोबर आहे का?
- आत जाता येतं, पण फाइल सेव्ह होत नाही: ओळख पटली, परवानगी नाही. 'रीड' दिलंय, 'रीड/राइट' हवं.
- जुनी हार्ड डिस्क किंवा राउटरला लावलेला पेनड्राइव्ह विंडोज ११ मध्ये अचानक बंद झाला: तो बहुधा पासवर्डशिवाय 'गेस्ट' म्हणून उघडत होता. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो अशा बिनओळखीच्या दारातून जायला सुरुवातीपासूनच नकार देतं. त्या उपकरणावर युजर-पासवर्ड लावा. विंडोजची सेटिंग सैल करू नका.

प्रिंटरची गोष्ट थोडी वेगळी आहे

फाइलची भाषा एक असली तरी प्रिंटरचं तसं नाही. आधी तुमच्याकडे कुठला प्रिंटर आहे ते बघा.

*वाय-फाय किंवा लॅनचा प्रिंटर असेल* तर तो पीसीमधून शेअर करायच्या भानगडीत पडू नका. प्रिंटर सरळ राउटरला जोडा, पत्ता राखून ठेवा आणि प्रत्येक मशीनवर थेट जोडा. अ‍ॅपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, अँड्रॉइड आणि विंडोजच्या बाजूला मोप्रिया आलं. तुमच्या प्रिंटरच्या खोक्यावर यातली नावं असतील तर मॅक, आयफोन, अँड्रॉइड यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. दुकानाचा पीसी बंद असला तरी वरून प्रिंट निघते. नवीन प्रिंटर घेणार असाल तर पाचशे-हजार जास्त गेले तरी हे बघूनच घ्या.

*यूएसबीचा साधा लेझर असेल* तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे निम्म्या दुकानांत एचपीचा १०२० नाहीतर कॅननचा २९०० असतो. मशीन दणकट आहेत, टोनर स्वस्तात भरून मिळतो, म्हणून आजही चालतात. पण यांची रचनाच अशी आहे की पानाची आकडेमोड प्रिंटर करत नाही, ती संगणकातला ड्रायव्हर करतो. त्यामुळे समोरच्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर नसेल तर नेटवर्क कितीही चांगलं असो, कागद कोराच येणार किंवा येणारच नाही.

दोन विंडोजमध्ये असा प्रिंटर शेअर करणं जमतं. 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'शेअरिंग' टॅब, छोटं इंग्रजी नाव. समोरच्या पीसीवर आधी ड्रायव्हर टाका, मग पत्ता आणि नाव देऊन जोडा. इथे बऱ्याच जणांना शून्य एक्स, पुढे शून्यांची रांग आणि शेवटी '११बी' अशी एरर येते. ही सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर सुरू झाली. त्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी प्रिंटरचे नियम कडक केले होते. इंटरनेटवर सगळे सांगतात की रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करा, नाहीतर अपडेट काढून टाका. दोन्ही करू नका. म्हणजे चोर येतो म्हणून लावलेलं कुलूप, किल्ली सापडत नाही म्हणून तोडण्यासारखं आहे. आधी दोन्ही पीसी पूर्ण अपडेट करा. तरी नाही जमलं तर समोरच्या पीसीवर प्रिंटर 'लोकल प्रिंटर' म्हणून जोडा, नवीन 'लोकल पोर्ट' करा आणि पोर्टच्या नावाच्या जागी शेअर केलेल्या प्रिंटरचा पूर्ण मार्ग टाका. बऱ्याचदा यात काम होतं.

मॅक किंवा मोबाइलवरून अशा यूएसबी प्रिंटरवर प्रिंट हवी असेल तर दोन रस्ते.

पहिला रस्ता फुकट आणि सगळ्यात सोपा: शेअर केलेल्या फोल्डरमध्ये 'प्रिंटसाठी' नावाचा फोल्डर करा. वरून पीडीएफ त्यात टाकायची, खाली विंडोजवरून प्रिंट मारायची. आमच्या घरी आम्ही दोन वर्षं हेच केलं. यात कमीपणा काही नाही.

दुसरा रस्ता जुना पीसी पडून असेल त्यांच्यासाठी. त्यावर लिनक्स टाका आणि प्रिंटर त्याला जोडा. लिनक्समध्ये प्रिंटिंगचं काम 'कप्स' नावाचा प्रोग्राम करतो. मायकल स्वीट यांनी तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिहिला, आणि अ‍ॅपलनेही २००२ पासून तोच मॅकमध्ये वापरला. म्हणून या दोघांचं चांगलं जमतं. कप्समध्ये प्रिंटर शेअर केला की तो मॅकला आणि आयफोनला एअरप्रिंटसारखा दिसायला लागतो. अट एकच: तुमच्या मॉडेलचा लिनक्स ड्रायव्हर चालला पाहिजे. पीसी कामाला लावण्याआधी एक चाचणी पान काढून बघा.

"आमच्या छोट्या दुकानात कोण येतंय?"

हा प्रश्न हमखास येतो. म्हणून लांबचं नाही, आपल्याच बाजूचं उदाहरण देते.

२७ जून २०१७. उरणजवळ न्हावा शेवाला जे जेएनपीटी बंदर आहे, तिथल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची कंपनी चालवते. 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमध्ये हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि जगभरातल्या मर्स्कच्या संगणकांत पसरला. कंपनीने नंतर नुकसानीचा अंदाज सांगितला तो वीस ते तीस कोटी डॉलरचा.

तो एका संगणकातून दुसऱ्यात कसा गेला? एक तर एसएमबीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून, आणि दुसरं म्हणजे संगणकात साठलेले पासवर्ड चोरून. म्हणजे आपण आज ज्या रस्त्याने फाइल नेतोय, त्याच रस्त्याने. त्या भगदाडाचा उपाय मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिला होता. तरी १२ मे ला 'वॉनाक्राय' जगभर पसरला आणि जूनमध्ये नॉटपेट्या आला. ज्यांनी अपडेट 'नंतर करू' म्हणून ठेवलं होतं, त्यांना मोठा फटका बसला. आणि एका मशीनमध्ये शिरल्यावर चोरलेल्या पासवर्डने तो अपडेट केलेल्या मशीनमध्येही जाऊ शकत होता. म्हणूनच मी रोजच्या शेअरिंगला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड वापरू नका म्हणते.

त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती टाकणंच बंद झालं. तुमचा जुना स्कॅनर किंवा डीव्हीआर चालावा म्हणून कुणी 'एसएमबी १ चालू करा' म्हणालं, तर हे बंदर आठवा. आणि हो, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर लोकांचे कागद ठेवत असाल तर पुढचा विचार करा.

आपल्या गावठाणाची एक वेगळीच गंमत आहे. घरं भिंतीला भिंत लावून. माझ्या दुकानाचं वाय-फाय समोरच्या चाळीत, मागच्या बिल्डिंगमध्ये, रस्त्यावरच्या वडापावच्या गाडीपर्यंत येतं. एकदा दिलेला पासवर्ड किती फोनमध्ये राहतो, ते आपल्याला कळतही नाही. म्हणून गिऱ्हाइकांना कायम 'गेस्ट' वाय-फाय द्या. त्यांचं इंटरनेट चालेल, आपले फोल्डर दिसणार नाहीत.

शेअर केलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही

नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. वर मॅकवर कुणी फोल्डर पुसला तर खाली दुकानातही तो गेला. तसंच एका मशीनवर खंडणी मागणारा व्हायरस आला, तर 'रीड/राइट' दिलेले सगळे फोल्डर तोही बंद करू शकतो. म्हणून आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी काढा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडून ठेवलेली डिस्क बॅकअप नाही. डिस्क मॅकलाही वापरायची असेल तर 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा. 'एनटीएफएस' मॅक वाचतो, पण त्यावर आपणहून लिहीत नाही.

डीटीपीवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट

लग्नपत्रिकेची फाइल नेटवर्कवरून वर नेली आणि मॅकवर सगळी अक्षरं गिचमिड दिसली, असं होतं. लगेच नेटवर्कला दोष देऊ नका. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये 'क' च्या मागे खरं तर इंग्रजी अक्षराचा नंबर असतो. तो फॉन्ट समोर नसेल तर मशीन तेच इंग्रजी चिन्ह दाखवतं. फाइल बरोबर पोहोचली आहे, फॉन्ट पोहोचला नाही. वर न्यायचं असेल तर फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करा. आणि फाइलच्या नावात तारीख टाकताना तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह नको. कोलन आणि प्रश्नचिन्ह लिनक्सला चालवून घेता येतात, विंडोजला नाही. '१२-०५-२०२५' असं लिहा.

आज दुकान बंद करताना एवढं करा

१. पीसीवर कुठले फोल्डर शेअर आहेत ते बघा. 'एव्हरीवन' दिसलं तर काढा.
२. शेअरिंगसाठी वेगळा साधा युजर बनवा.
३. गिऱ्हाइकांसाठी गेस्ट वाय-फाय चालू करा आणि मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदला.
४. पीसी आणि प्रिंटरचे पत्ते राउटरमध्ये राखून ठेवा.
५. आज आलेल्या लोकांचे आधार, पॅन, पासबुक पुसा. काम झालं की ते कागद आपल्याकडे ठेवायचं कारण नाही. डाउनलोड फोल्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपही बघा, आणि रिसायकल बिन रिकामा करा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदाही हेच सांगतो: काम संपलं की माहिती पुसा. पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं.

त्या मुलाची मावशी अजूनही माझ्याकडे येते. मी तिला सगळं खरं सांगितलं होतं, माफीही मागितली होती. ती म्हणाली, "चुकलं तर चुकलं, आता नीट कर." आता प्रिंट झाली की मी तिच्यासमोर स्क्रीन फिरवते आणि फाइल पुसून दाखवते. आधी ती हसायची. हल्ली स्वतःच म्हणते, "पुसलंस ना गं?"

हे सगळं एका दिवसात जमलं नाही तरी चालेल. पहिला आणि तिसरा मुद्दा मात्र आजच करा. पुढच्या व्हिडिओत जुन्या पीसीवर लिनक्स टाकून त्याचा प्रिंट सर्व्हर कसा करायचा, ते पहिल्यापासून दाखवते. भेटू मग!